सहा तारखेनंतर

२८ नोव्हेंबर

उद्या नायला येणार. चार वर्षं अर्ज, भेटी, मुलाखती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची प्रमाणपत्रं झाली, आणि उद्या सकाळी दहा वाजता ती खरंच या दारातून आत येणार. आठ वर्षांची आहे. पुढचे दोन दात मोठे, केस कानापर्यंत कापलेले. डोंगरातल्या त्या अनाथालयात आम्ही तिला अकरा वेळा भेटलो, आणि अकराही वेळा तिनं मला विचारलं, "प्रवास कसा झाला तुमचा, मावशी?"

सकाळपासून मी तीनदा फरशी पुसली. नसीफ म्हणाला, "आर्पी, पोरगी राहायला येतेय, ऑपरेशनला नाही." मग म्हणाला, तू दिवसभर जे बोलतेस त्यातलं निम्मं कागदाला सांग, माझे कान वाचतील. आणि ही वही आणून दिली. त्याच्या औषधाच्या दुकानात कुठल्या तरी कंपनीनं फुकट वाटलेली, प्रत्येक पानाच्या तळाला खोकल्याच्या गोळीचं चित्र. असो. कागद छान आहे.

अनाथालयाच्या सिस्टर मादलीन म्हणाल्या, घाई करू नका, प्रश्नांचा भडिमार करू नका. चर्चच्या कोर्टाचा शेवटचा शिक्का सण आटोपले की जानेवारीत बसेल, पण तो नावालाच. ती आमची झाली. तिला हे सगळं सिस्टरनी नीट समजावलं असणारच, आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलंय? नसीफचंही तेच म्हणणं. पुन्हा पुन्हा तेच बोलून तिला अवघडवायचं नाही, असं आमचं ठरलंय.

मुहूर्त तर असा साधलाय की बस. नसीफ अरब ऑर्थोडॉक्स, त्यांचा नाताळ पंचवीस डिसेंबरला. मी आर्मेनियन, आमचा सहा जानेवारीला. लग्न झालं तेव्हा दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती. आता म्हणा, आमच्या पोरीला दोन नाताळ मिळणार.

३० नोव्हेंबर

आली. एक निळी बॅग, बस. तिची खोली पाहिली, पलंगाला हात लावला आणि विचारलं, "या खोलीत अजून कोण झोपतं?" कुणी नाही म्हटल्यावर म्हणाली, "बरं." मी तिच्यासाठी लाल कोट शिवणार होते, पण धीर धरवला नाही, विकत आणला. तिनं घालून दाखवला, गोल फिरली, आणि किमतीची चिठ्ठी काढायला मी कात्री आणली तर म्हणाली, "असू दे ना, मावशी. मी आत दुमडून घेते." किती जपून वापरते बघा. मी तिच्या वयाची असताना नव्या कोटाची बाही पहिल्याच दिवशी चुलीत जाळली होती.

कपडे कपाटात लावले नाहीत. सकाळी उठल्यावर घडी करून पुन्हा बॅगेतच ठेवले, बॅग पलंगाखाली. मी म्हटलं, कपाट रिकामं आहे गं. "सवय आहे," म्हणाली. माझ्यापेक्षा कितीतरी नीटनेटकी आहे.

एक गोष्ट आज कळली. गेली दोन वर्षं शहराच्या अशरफिये भागातलं एक बडं कुटुंब तिला सणाला घरी न्यायचं. आपल्याकडे ही तऱ्हाच आहे, नाताळाला अनाथालयातून एखादं मूल आणायचं, खाऊ-पिऊ घालायचं, झाडाशेजारी उभं करून फोटो काढायचे, आणि सहा तारीख उलटली की परत पोचवायचं. मला असल्या लोकांचा संताप येतो. पण एका परीनं बरंही झालं, घर, झाड, भेटी, सगळ्याची तिला सवय आहे. आपल्याला सोपं जाईल.

३ डिसेंबर

आज संत बार्बारा. पोरांनी सोंगं घेऊन दारोदार जायचं. मी नवरीचे पोशाख शिवते, त्यामुळे साटीनचे तुकडे घरात पोत्यानं असतात. तीन दिवस मशीनवर बसून मी नायलाला राणी केली. इमारतीचे पाचही मजले ती दोन्ही हातांनी घोळ उचलून चढली, झगा कुठे मळू नये म्हणून. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "कुणाची गं तू?" ती म्हणाली, "आर्पीमावशींकडे आलेय." मला वाटलं, किती गोड बोलते.

सासूबाई, म्हणजे सलमा आजी, गव्हाचं गोड घेऊन आल्या. सोललेले गहू, बडीशेप, वर डाळिंबाचे दाणे. मग बशीत कापूस पसरून त्यावर मसूर, हरभरे आणि गहू भिजत घालायचे. "पंचवीसपर्यंत वीतभर होतील," सासूबाई म्हणाल्या, "मग गोठ्याच्या देखाव्यात बाळाच्या पायाशी मांडायचे."

"म्हणजे बावीस दिवस," नायला म्हणाली. क्षणात. गणित फार चांगलं आहे.

९ डिसेंबर

आज माझी आई आमचं आर्मेनियन गव्हाचं गोड घेऊन आली. तेही सोललेल्या गव्हाचंच, पण त्यात जर्दाळू आणि बेदाणे. सासूबाई समोरच बसलेल्या.

"सलमाबाई, तुमचं बडीशेपवालं छानच असतं," आई म्हणाली. "पोट दुखत असलं की मी आवर्जून खाते."

"झाबेल, तुझ्या जर्दाळूंमध्ये गहू शोधावा लागतो. माझे डोळे आता तेवढे चांगले नाहीत."

दोघींनी एकेक वाटी नायलापुढे सरकवली. मी श्वास रोखून बसले. तिनं एक घास इकडचा, एक घास तिकडचा, असं करत दोन्ही वाट्या अगदी बरोबरच संपवल्या आणि म्हणाली, "दोन्ही फार चांगली आहेत, धन्यवाद." नसीफ माझ्या कानात म्हणाला, हिला परराष्ट्र खात्यात घाला.

पण खरी गंमत पुढे. आई म्हणाली, "आमच्या नाताळाला मी आणखी करीन." नायलानं चमचा खाली ठेवला.

"पंचवीसला संपत नाही?"

"छे गं. आमचा तर सहा जानेवारीला."

"तोपर्यंत सण?"

"तोपर्यंत सण."

ती एवढी हसली की दोन्ही मोठे दात दिसले. खुर्चीतून उठून तिनं घरभर एक फेरी मारली. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. आई म्हणाली, "रक्तात असो नसो, ही आर्मेनियन आहे." सासूबाईंनी वाटी जरा जोरात ठेवली.

१६ डिसेंबर

आज देखावा मांडताना नायलाच्या हातून मातीचा मेंढपाळ पडला. मान वेगळी, धड वेगळं. ती पांढरीफटक पडली. मला रागबिग आला नाही, उलट बाजारात जायला निमित्त मिळालं. म्हटलं, "चल, कोट घाल, आपल्याला आत्ताच जायचंय."

ती कोट घालून आली, हातात निळी बॅग. मी म्हटलं, खरेदीला एवढी मोठी बॅग कशाला, पण मुलींना आपली बॅग न्यायला आवडते. रस्ताभर मी आमची जुनी गाणी म्हणत होते, ती बॅग मांडीवर घेऊन खिडकीतून बघत होती. दौरा नावाच्या बाजारातल्या दुकानासमोर थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "हे काय आहे?"

"मातीच्या बाहुल्यांचं दुकान. मेंढपाळ नको का?"

मग काय विचारता. तिनं मेंढपाळ निवडला, वर दोन मेंढ्या मागितल्या (पहिल्यांदाच काही मागितलं), आणि येताना चार फलाफल खाल्ले. पोरीला खरेदीचा नाद दिसतोय. नसीफला आत्ताच सावध करायला हवं.

१९ डिसेंबर

आज जरा उदास आहे, लिहून टाकते. ती मला मावशी म्हणते, नसीफला काका. घाई नाही, सिस्टरनी सांगितलंय. पण परवा दुकानातल्या एका बाईचं पोर "आई" म्हणून ओरडलं आणि मी वळून बघितलं. नायला ज्या शहाणपणानं वागते ते बघून कधीकधी वाटतं, आम्ही तिला आवडतो की ती आम्हाला फक्त सांभाळून घेते? नसीफ म्हणतो, तू फार विचार करतेस. तो अजिबात करत नाही, म्हणजे सरासरी बरोबर येते.

२५ डिसेंबर

थकलेय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. बावीस माणसं जेवली. मसूर वीतभर झाले, गहू त्याहून उंच, नायलानं ते मोजपट्टी लावून सगळ्यांना दाखवले. नसीफच्या भावानं गाणं लावलं, दिवाणखान्यातच साखळी धरून दबके नाच सुरू झाला, नायला माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये. पाय इतके बरोबर टाकत होती. मधेच वीज गेली तरी कुणी थांबलं नाही, अंधारात पाय आपटत राहिलो आणि जनरेटर सुरू झाला तेव्हा ती हसत होती, तोंड उघडं टाकून.

भेटींचे कागद तिनं न फाडता सोडवले आणि घडी करून ठेवले. प्रत्येकाकडे जाऊन म्हणाली, "तुमच्याकडे सणाला आले, मला फार आनंद झाला." सासूबाईंच्या बहिणीनं तर डोळेच पुसले. सिस्टरनी काय वळण लावलंय.

माझी आई निघाली तेव्हा नायलानं तिला विचारलं, "झाबेल आजी, सहा तारखेनंतर अजून कुणाचा नाताळ असतो?"

आई हसून हसून बेजार. म्हणाली, "असतो की. जेरुसलेमचे आर्मेनियन जुन्या पंचांगानं चालतात. त्यांचा अठरा जानेवारीच्या संध्याकाळी सुरू होतो."

"तो पण आपण करतो?"

"आजवर नाही केला. तू म्हणशील तर करू."

"करू या," ती म्हणाली. एवढी सणवेडी मुलगी आमच्याच घरात यावी, हे काय कमी आहे?

१ जानेवारी

काल सगळे आमच्या घरी. पाय सुजलेत. नायलानं न सांगता भांडी पुसली.

३ जानेवारी

गुपित. शेजारच्या गल्लीतल्या शाळेत तिचं नाव घातलं, मंगळवार आठ तारखेपासून. नवं दप्तर आणलं, हिरवं, आणि गणवेश मीच शिवतेय, दार लावून. सहाला, आमच्या नाताळाच्या सकाळी द्यायचं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तिला शाळा दाखवायला आधी आणा. मी म्हटलं, छे, सगळी मजा जाईल.

संध्याकाळी नायला म्हणाली, "सात तारखेला माझी शाळा सुरू होते ना, मावशी?" डोंगरावरची तिची जुनी शाळा म्हणत होती. मी आणि नसीफनं एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, "सात तारखेचं सातला बघू." तोंडातून निसटलंच असतं. ती "बरं" म्हणून पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

५ जानेवारी

आज आमच्या स्वयंपाकघरात युद्ध. वर्षातला हा एकच दिवस दोन्ही बाजूंचा. आमच्या नाताळाची आदली संध्याकाळ, म्हणून आई मासे आणि पालक घेऊन हजर. नसीफकडे प्रभूच्या स्नानाच्या सणाची आदली संध्याकाळ, म्हणून सासूबाई पाकातले गोळे तळायला हजर. शेगडी एक. आईचे मासे गोळ्यांच्या तेलात पडणार की सासूबाईंचे गोळे माशांच्या, यावर अर्धा तास गेला. नायला दोघींच्या मध्ये झारा धरून उभी होती.

मग सासूबाईंनी यीस्ट न घालता कणीक मळली, फडक्यात बांधली आणि गच्चीवरच्या लिंबाला टांगायला नायलाकडे दिली. म्हणाल्या, "आज रात्री प्रभू घराघरावरून जातो आणि म्हणतो, कायम, कायम. मग ही कणीक आपोआप फुगते, झाडं वाकतात, आणि घरातलं सगळं वर्षभर टिकतं. म्हणून आज दाराला कडी घालायची नाही, दिवा घालवायचा नाही."

नायलानं विचारलं, "घरात जे असतील त्या सगळ्यांना म्हणतो? सणाला आलेत त्यांना पण?"

सासूबाईंनी झारा माझ्या आईकडे रोखला. "पाहुण्यांना नाही हो. पाहुण्यांना त्यांच्या त्यांच्या घरी म्हणतो. ही झाबेल बघ, कितीही मासे आणू दे, आमच्यातलं तिला काही मिळायचं नाही."

आई म्हणाली, "तुमच्यातलं मला नकोच आहे, सलमाबाई, माझं मला पुरतं." आम्ही पोट धरून हसलो. नायला कणीक घेऊन गच्चीवर गेली. दप्तर माझ्या शिलाईच्या टेबलाखाली लपवलंय. उद्याची वाट बघवत नाही.

६ जानेवारी

आजचं आजच लिहायचं.

सहा वाजता चर्चला जायला उठले. दार नुसतं लोटलेलं, तसं ते असणारच होतं. पण जिन्यात दिवा दिसला म्हणून बघितलं. नायला पहिल्या पायरीवर बसलेली. अंगात तिचा जुना करडा कोट, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, पायाशी निळी बॅग.

"इथे काय करतेस? गारठशील."

"सिस्टरच्या गाडीची वाट बघतेय. उद्या शाळा आहे ना. मागच्या वर्षी गाडी आली तेव्हा मी झोपलेली होते, सगळ्यांना माझ्यासाठी थांबावं लागलं. ते काका फार चिडले."

मला कळेना. मी म्हटलं, कुठली गाडी, कोण काका? तिनं समजावून सांगितलं, अगदी हळू, मी लहान असल्यासारखं. लाल कोट पलंगावर ठेवलाय, चिठ्ठी तशीच आहे. भेटी ओळीनं लावल्यात, कुणी काय दिलं ते वर लिहिलंय, कारण अशरफियेवाल्यांकडे त्यातल्या दोनच न्यायची परवानगी होती. आणि रात्री तिनं पांघरूण डोक्यावरून घेऊन कानावर उशी धरली होती.

"का?"

"चुकून ऐकू आलं असतं तर. ते तुमच्या घरातल्यांसाठी होतं."

मी तिथेच पायरीवर बसले. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अडतीस दिवस ही पोरगी रोज सकाळी बॅग भरत होती, आणि मी या वहीत तिच्या नीटनेटकेपणाचं कौतुक लिहीत होते. मागची पानं आत्ता वाचली. फाडून टाकावीशी वाटली. नाही फाडली.

मी म्हटलं, "नायला, गाडी येणार नाही. तू कुठेही जायची नाहीस."

तिनं विचार केला. "अठरापर्यंत?"

"अठरानंतर पण."

"ईस्टरपर्यंत?"

"ईस्टरनंतर पण. आम्ही तुला सणाला आणलं नाही गं. तू आमची मुलगी म्हणून आलीस. हे घर तुझं आहे. तुला कुणी सांगितलं नाही?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. नसीफ पायजम्यात दारात उभा होता. त्याला विचारलं, तू बोलला होतास तिच्याशी? तो म्हणाला, मला वाटलं सिस्टर. सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आई-बापांनी आपल्या तोंडानं सांगायची गोष्ट आहे ही. म्हणून मी मुद्दाम तुमच्यासाठी ठेवली होती." मी फोन नायलाला दिला. ती "हो सिस्टर, हो सिस्टर" म्हणत राहिली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बरं."

एवढंच. मी तिला जवळ घेतलं, ती उभी राहिली, हात खाली सोडून. दप्तर दिलं. "फार सुंदर आहे, धन्यवाद." दुपारी दोन्ही आज्यांना कळलं. सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, "मीच बोलले, माझीच मेली जीभ," आणि माझी आई, माझी आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

७ जानेवारी

बॅग अजून पलंगाखालीच. आज तिनं नसीफला प्रश्न विचारले, एकामागून एक. "तुमचं दुकान बंद पडलं तर मी जायचं?" नाही, आपण तिघं उपाशी राहू. "मी नापास झाले तर?" मीपण झालो होतो, दोनदा. "तुम्हाला बाळ झालं तर?" नसीफ म्हणाला, मग त्याचे लंगोट तू बदलायचेस, सुटका नाही. ती हसली नाही. सगळी उत्तरं ऐकून घेतली, साक्षीदाराची ऐकतात तशी. मला वाटतं तिचा विश्वास नाही. कुठल्या तोंडानं तक्रार करू?

९ जानेवारी

आज ती शाळेतून आली तेव्हा मी झाडावरचे गोळे उतरवत होते. आनंदात होते, मुख्याध्यापिकांनी तिची तारीफ केली होती. मी म्हटलं, "चल, हात लाव, सण संपला, आवरू या."

ती दप्तरासकट तिथेच उभी राहिली. चेहरा लाल. मी म्हटलं, काय झालं?

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं."

"अगं, आम्हाला वाटलं..."

"मी रोज मोजत होते. मेंढपाळ फुटला तेव्हा मला गाडीत उलटी येत होती आणि तू गाणी म्हणत होतीस. मी गहू खाल्ले, दोन्हीकडचे, मला गहू आवडतच नाहीत. मी भांडी पुसली. तू एकदा सांगायचंस. एकदाच सांगायचं होतंस, पहिल्या दिवशी." आवाज चढत गेला, शेवटचे शब्द खालच्या मजल्यावर गेले असणार. "मला तुझा फार राग आलाय. मला जेरुसलेमचा नाताळ नको. मला काही नको."

मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे. माझं चुकलं."

तिनं दप्तर माझ्या पायाशी फेकलं, खोलीत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं नसीफच्या आजोबांचं चित्र खाली आलं. मी हातात काचेचा गोळा धरून पॅसेजमध्ये उभी. तेवढ्यात नसीफ दुकानातून आला, काचा बघितल्या, बंद दार बघितलं, मला विचारलं, "कोण?"

"नायला. फार चिडलीय माझ्यावर."

तो खाली वाकून काचा गोळा करायला लागला. मग थांबला. तसाच गुडघ्यावर बसून माझ्याकडे बघत म्हणाला, "आर्पी, पाहुणे दार आपटत नाहीत."

आणि मी रडायला लागले, एवढी की त्यानं माझ्या हातातला गोळा काढून घेतला.

तास झाला. थोड्या वेळापूर्वी आतून आवाज आला, "मला भूक लागलीय. पण मी बाहेर येणार नाही आणि गहू खाणार नाही."

बटाटे तळले, ताट दाराशी ठेवलं, दार वाजवलं आणि बाजूला झाले.